नऊची फेरी

ताम्पेरे,
३ मे २०२२

ती. हिल्का आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसानं नव्हे. तीन मसुदे फाडले, हा चौथा. शाळेचं तोंड मी दहाव्या वर्षी पाहिलं, तोपर्यंतचं सगळं लिहिणं-वाचणं तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी झालं. त्यामुळे एखादं वाक्य लंगडं झालं की अजून तुझी वर गेलेली भुवई दिसते. महत्त्वाचं काही फोनवर बोलायचं नाही, फोनवर माणूस घाईनं हो म्हणून बसतो, हा तुझा नियम मी पाळते आहे. (तुला फोनवर अर्धंच ऐकू येतं, हे त्यामागचं दुसरं कारण तू कोणाला सांगत नाहीस, म्हणून मीही सांगत नाही.)

तर महत्त्वाचं असं, की सायमीताई यंदा जूनमधल्या युहान्नुसच्या सणाला तळ्यावर तुझ्याकडे येणार आहे. कालच तिचा निरोप आला. पाच वर्षांनी! तीन वर्षांपूर्वी तिनं आपल्या सगळ्यांना एकाच मजकुराची पत्रं पाठवली होती, की मी तुमच्याकडे मुलगा म्हणून वाढले, पण मी बाई आहे, यापुढे तशीच राहणार आणि माझं नाव सायमी. तेव्हापासून बाबा दर रविवारी तिच्याशी बोलतात, दोनदा तुर्कूला राहूनही आले. तू तिला मोजे विणून पाठवलेस. म्हणजे घरात भांडण असं नाहीच. तरी दर जूनमध्ये तिला काहीतरी काम निघायचं. धुराड्यांच्या चिमण्या झाडणाऱ्या बाईला जूनमध्ये कसलं एवढं काम असतं, हे मी कधी विचारलं नाही.

आता माझी काळजी. तुझ्या सौनाच्या दाराशी फळ्यावर खडूनं दोन ओळी असतात, पुरुष ५, बायका ७. ती शेवटची आली तेव्हा पाचच्या फेरीला बाबा आणि शेजारचे एरोकाका यांच्याबरोबर गेली होती. आता ती तिथे जाणार नाही हे उघड आहे. पण सातच्या फेरीला एरोकाकांच्या रायलीकाकू असतात. आपल्यासारख्या घरच्या म्हणायच्या, तरी घरच्या नव्हेत. चाळीस वर्षं त्या तुझ्या शेजारी त्याच बाकावर उघड्या अंगानं वाफ घेत बसतात. त्यांना अवघडल्यासारखं झालं तर? आणि त्या काही बोलल्या, ताईला लागलं, आणि ती पुन्हा पाच वर्षं आली नाही तर?

मी दोन दिवस विचार करून एक योजना केली आहे. फळ्यावर तिसरी ओळ लिहायची, सायमी ९. तेव्हा उजेडही मऊ असतो, सगळे तळ्याकाठच्या होळीकडे गेलेले असतात, सौना तापलेला असतो. तिला निवांतपणा मिळेल, कोणी टक लावून बघणार नाही. तिच्यासाठी वाफेत अंगावर मारायला भूर्जाच्या डहाळ्यांची वेगळी जुडी मी बांधीन. तुझी संमती असेल तर ताईला कळवते. आधी तिलाच विचारलं असतं, पण विचारलं की तिला वाटेल काहीतरी अडचण आहे, आणि अडचण नाहीच असं मला दाखवायचं आहे.

बाबांचा गुडघा बरा आहे. माझी वाचनालयातली नोकरी कायम झाली.

आत्या, उत्तर लवकर दे, आणि लोभाचं माप आहे तेवढंच राहू दे.

तुझी,
वेन्ला

---

तळ्यावरून,
११ मे २०२२

चि. वेन्लास,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाक्यं एकही लंगडी नाहीत, एक-दोन नको तितकी ताठ आहेत. नोकरी कायम झाली ही खरी मोठी बातमी, ती तू तळाशी एका ओळीत टाकलीस आणि वर चार परिच्छेद काळजीला दिलेस. तुझा बापही असाच.

इथलं बर्फ सहा तारखेला फुटलं. तुझा बाबा येऊन तळ्यात लाकडी धक्का बसवून गेला. त्याला मी सायमीचं सांगितलं, तर आधी त्यानं चार खिळे ठोकले. मग म्हणाला, सौना तापलेला असेल, ज्याला यायचं त्यानं यावं. मी म्हटलं, हे काय उत्तर झालं का! तेव्हा आणखी दोन खिळे ठोकून म्हणाला, की एरो तासभर बटाट्यांवर बोलतो आणि ते पोर गप्प बसायला शिकलेलं होतं, आता पाचच्या फेरीला माझ्याबरोबर गप्प कोण बसणार. मला वाटलं होतं त्याला लाज वाटते की काय. ती नव्हे, त्याला जोडीदार गेल्याचं वाटतंय. माणूस बोलत नाही म्हणून आपण त्याच्या तोंडी काहीही घालत असतो.

रायली परवा कॉफीला आली होती. मी सायमीचं येणं तिच्या कानावर घातलं. सुरुवातीला ती फुरफुरली. म्हणाली, हिल्का, त्या पोराला मी माझ्या हातची धिरडी खाऊ घातली आहेत, माझं त्याच्याशी वैर नाही, पण सौनात मला नवं माणूस नको. मी म्हटलं, पोराला नव्हे, पोरीला. ती म्हणाली, तुला या वयात सवयी बदलता येतात, मला येत नाहीत. मी म्हटलं, माझं वय तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी जास्त आहे. मग तुझी नऊची फेरी ऐकल्यावर तिचा जीव भांड्यात पडला आणि तिनं केकचा दुसरा तुकडा घेतला.

तेव्हा योजनेला माझं हो आहे. कागदावर अगदी नीटनेटकी दिसते. तरी हो म्हटल्यापासून तोंडाची चव गेल्यासारखी झाली आहे. कॉफी जुनी असेल. एक मात्र कर, सायमीला विचार. सांगू नकोस, विचार. तू दोन दिवस तिच्याविषयी विचार केलास आणि तिच्याशी दोन मिनिटं बोलली नाहीस, हे तुझ्या लक्षात आलं का?

हेरिंग माशाच्या लोणच्याची बरणी पाठवते आहे, ती सरळ उभी धरून उघड.

कळावे, आणि प्रेम पूर्वीसारखंच भरभरून चालू ठेव.

तुझी,
हिल्का आत्या

---

तुर्कू,
२२ मे २०२२

चि. वेन्लास,

गोड पापा आणि एक टपली.

तुझं आठ पानी पत्र मिळालं. पहिल्या पानावर तू विचारलं आहेस, पुढच्या सात पानांवर उत्तर मी काय द्यावं ते लिहिलं आहेस. म्हणून माझंच उत्तर लिहायला मला जरा वेळ लागला. आधी चिडले, मग एका घराच्या छपरावर बसून डबा खाल्ला, तिथून समुद्र दिसतो, मग राग अर्धा झाला. उरलेला या पत्रात आहे.

वेन्ला, इथे आमच्या इमारतीत तळघरात सौना आहे. दर बिऱ्हाडाचा तास ठरलेला. माझा मंगळवारी सहा ते सात, एकटीचा. अतिशय निवांत असतं. कोणी टक लावून बघत नाही, कोणी बघतच नाही. एकटीनंच बसायचं असेल तर सहा तासांचा प्रवास करून मी तळ्यावर कशाला येऊ?

आणि आपल्याकडे शेवटची फेरी कोणाची असते ते विसरलीस? सगळी माणसं आटोपली की भट्टीवरच्या तापल्या दगडांवर एक पळी पाणी टाकून दार ओढून घ्यायचं, पुढची वाफ सौनाच्या राखणदाराची, तोंतूची. लहानपणी तू रोज विचारायचीस की तो दिसतो कसा, आणि आत्या म्हणायची की तो दिसत नाही, म्हणूनच त्याला शेवटची फेरी. नऊ वाजता तू मला त्याच्या पंगतीला बसवलंस. तो चांगलाच असणार, माझी तक्रार नाही. पण न दिसण्याचं काम मी पुष्कळ वर्षं केलं. बाबांबरोबर पाचच्या फेरीला बसायचे तेव्हाही तेच करत होते. मला त्यातून निवृत्ती घ्यायची आहे.

तू हे मायेनं केलंस हे मला कळतं. तिऱ्हाईतांचा मला त्रास होत नाही गं. मागच्या महिन्यात एक आजोबा दारात मला पाहून म्हणाले, चिमणी झाडायला बाई पाठवली का, आणि तीही अशी? मी म्हटलं, आजोबा, चिमणीला फरक पडत नाही, तुम्हाला पडत असेल तर तुम्ही बाहेर थांबा, चिमणी थांबेल आत. शेवटी त्यांनीच शिडी धरली. त्यांच्याशी मला लढता येतं. पण मायेनं बाहेर ठेवलं की लढायचं कोणाशी? तिथं उलट आभार मानावे लागतात.

रायलीकाकूंची चिमणी मी फुकट झाडून द्यावी, म्हणजे त्यांचं मन वळेल, ही तुझी सूचनाही वाचली. चिमणी झाडणं माझा धंदा आहे, बाकावर जागा मिळवण्याची लाच नव्हे. त्यांची चिमणी तुंबली असेल तर त्यांनी बोलवावं, मी बिल देईन.

मी तेवीस जूनला, गुरुवारी चारच्या बसनं येते. फळ्यावर दोन ओळी असतील तर राहते. तीन असतील तर तीच बस वळून साडेचारला परत निघते, मला वेळापत्रक पाठ आहे. हे धमकी म्हणून घेऊ नकोस, तुला अंदाज असावा म्हणून सांगते.

माया पातळ करू नकोस. आठ पानांऐवजी दोन पानांत बसव, एवढंच.

तुझी,
सायमीताई

---

ताम्पेरे,
२६ मे २०२२

प्रिय सायमीताईस,

सा. न.

दोन पानांत बसवते आहे. खरं तर एकाच पानात.

तुझं पत्र वाचून मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जाऊन रडले. मग वाटलं हे रडणंही पुन्हा माझंच कौतुक झालं, म्हणून तोंड धुतलं. मला वाटत होतं मी तुझं रक्षण करते आहे. आता मोजून पाहिलं. नऊच्या फेरीनं रायलीकाकूंचं अवघडणं वाचत होतं, आत्याला त्यांच्याशी वाद करावा लागत नव्हता, मला कोणाला नाही म्हणावं लागत नव्हतं. सगळ्यांची सोय झाली होती आणि तिची किंमत तू एकटी देणार होतीस. तुला विचारलं नाही याचं कारण मी आत्याला वेगळं लिहिलं होतं. खरं कारण असं, की उत्तर मला ठाऊक होतं.

तिसरी ओळ नाही. आत्याला आजच लिहिलं आहे. रायलीकाकूंनाही लिहिलं आहे, की ती कल्पना माझी होती, चुकीची होती, मी ती मागे घेते आणि सातच्या फेरीला आपण सगळ्याजणी असू. ते पत्र पेटीच्या फटीत घालून मी इतक्या वेळा पुन्हा बाहेर ओढलं, की मागची बाई मला म्हणाली, नोकरीचा अर्ज आहे का?

चिमणीची सूचना मी केलीच नव्हती असं समज.

ये. बाकी लोभाचं तू जाण.

तुझी,
वेन्ला

---

कुओपियो, वॉर्ड चार,
९ जून २०२२

चि. वेन्लास,

अनेक आशीर्वाद. अक्षर वाकडं आलं तर दोष माझा नाही, पलंगाचा.

घाबरू नकोस. मंगळवारी कोठाराच्या पायरीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर पोरगेलासा आहे. मला म्हणाला, आजी, आता धावपळ नको. मी म्हटलं, धावत असते तर पडले नसते, मी उभी होते. युहान्नुसला मला इथून सोडणार नाहीत. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या सौनाला मी नाही. दोन दिवस मला याचाच राग होता, हाडाचा नव्हता.

आता कामाचं. दोन्ही पत्रं मला मिळाली, तुझंही आणि सायमीनं मला वेगळं लिहिलं तेही. नऊच्या फेरीला मी हो म्हटलं यात माझीच चूक मोठी. तू चोवीस वर्षांची, मी चौऱ्याहत्तरची. शेवटच्या फेरीचा अर्थ पोरांना शिकवणारी मी, आणि मलाच तो दिसला नाही. रायलीशी भांडण नको म्हणून दिसला नाही. सायमीला मी तसं लिहिलं आहे. तिचं उत्तर आलं, की आत्या, कबूल केलंस हेच पुष्कळ, मोज्यांची टाच मात्र घट्ट होते.

रायली इथे भेटायला आली होती. तुझं पत्र तिच्या पर्समध्ये होतं, घडी फाटेपर्यंत वाचलेलं. रुसली आहे. म्हणते, काल जन्मलेली वेन्ला मला सातच्या फेरीचं सांगते. मी तिला काही पढवलं नाही. तिच्या नको म्हणण्याला तिचं स्वतःचं एक कारण आहे. ते मला माहीत आहे. तुला सांगणार नाही, कारण ते तिचं आहे. विचारायची हिंमत झाली तर तिलाच विचार. पण वाद घालायला जाऊ नकोस. तू मुद्दे लिहून काढशील, ओळखते मी तुला.

मी नाही म्हणजे बायकांची फेरी तुझ्याकडे. भट्टीजवळ तू बसायचं, फळ्यावर तू लिहायचं. तुला नाही म्हणता येत नाही, हे मला माहीत आहे. लहानपणी गणित चुकलं की तू आधी पेन्सिलीची माफी मागायचीस. या वेळी कोणाची तरी नाराजी घेतल्याशिवाय फेरी होणार नाही. ती घे. तुला काही होणार नाही.

काय झालं ते सगळं लिही. थोडक्यात लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तब्येत जप, आणि म्हातारीवरचा जीव तसाच राहू दे.

तुझी,
हिल्का आत्या

---

तळ्यावरून,
२६ जून २०२२

ती. हिल्का आत्यास,

सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहिणार नाही.

गुरुवारी चारच्या बसनं ताई उतरली. पाठीवर एक पिशवी, हातात तुझ्यासाठी तुर्कूच्या मोहरीच्या चटणीची बरणी. घराकडे न वळता ती थेट सौनाच्या दाराशी गेली आणि फळा वाचला. पुरुष ५, बायका ७. मी सकाळीच लिहून ठेवलं होतं, आणि खडूची रेघ वाकडी आली म्हणून दोनदा पुसून पुन्हा लिहिलं होतं. ती म्हणाली, अक्षर आत्यासारखं झालंय तुझं. मग पिशवी खाली ठेवली. बस साडेचारला गेली, तिचा आवाज आम्ही दोघींनी धक्क्यावरून ऐकला.

शुक्रवारी बाबांनी दुपारी बारालाच भट्टी पेटवली. साडेचारच्या सुमारास रायलीकाकू फळा बघायला आधीच अंगणात आल्या, खांद्यावर टॉवेल. फळ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, हिल्कानं मला नऊची फेरी सांगितली होती, ती कुठे आहे? मी म्हटलं, काकू, ती मी काढली होती, मीच पुसली, तुम्हाला पत्रात लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, पत्र वाचलं मी, मला वाटलं शुद्धीवर येशील. असं असेल तर माझा या सौनाला रामराम. पोरीविषयी माझं काही म्हणणं नाही, तिनं सुखानं राहावं, पण शरीर ते शरीर.

तू ओळखलंस तसे मुद्दे मी लिहून आणले होते, दोन कागद, झग्याच्या खिशात. पहिला मुद्दाही पाठ होता. पण काकूंकडे पाहिलं तर त्यांनी टॉवेल छातीशी असा धरला होता, की जणू कोणी तो ओढणार आहे. म्हणून मी मुद्दे राहू दिले आणि विचारलं, की काकू, आत गेल्यावर काय होईल असं तुम्हाला वाटतं?

त्या भडकल्या. हा काय प्रश्न झाला, तुमच्या वाचनालयात असं विचारतात का, असं बरंच बोलल्या. मग लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसल्या. मग मला सांगितलं. तुला ठाऊकच आहे, म्हणून लिहिते. दुसऱ्या कोणाला मी सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. गेल्या शरदात कर्करोगामुळे त्यांची डावी छाती काढली. तो व्रण डॉक्टरांनी पाहिला आणि तू पाहिलास. एरोकाकांनीसुद्धा पाहिलेला नाही. त्या म्हणाल्या, मला नवे डोळे नकोत गं पोरी. बाईचे असोत, बुवाचे असोत, तुझ्या बहिणीचे असोत. तूसुद्धा नको होतीस, पण तुझं मी कसं सांगू, तू घरची.

आत्या, त्या क्षणी माझ्या जिभेवर नऊची फेरी पुन्हा आली. शपथ. एक माणूस समोर दुखावलेलं बसलं आहे, आणि ओळ लिहायला खडू माझ्याच हातात. एका ओळीनं सगळं निवलं असतं. मी खडू खिशात टाकला आणि म्हटलं, काकू, आपल्याकडे कोणी बघू नये असं तुम्हाला वाटतं. ताईलाही तेच वाटत होतं, म्हणून ती पाच वर्षं आली नाही. मी तिला बाहेर ठेवणार नाही, आणि तुम्हालाही ठेवणार नाही. सात वाजता दार उघडं असेल. भिंतीकडचा कोपरा तुमचा, तिथं खिडकीचा उजेड येत नाही.

त्या उठल्या. म्हणाल्या, तू हिल्कासारखी बोलायला लागली आहेस, आणि ही स्तुती आहे असं समजू नकोस. टॉवेल घेऊन घरी गेल्या.

ताई ओसरीवर नवे बटाटे घासत होती. बोलणं तिला ऐकू आलं नव्हतं, जाणं दिसलं. ती उठून म्हणाली, वेन्ला, हे पाहा, त्या चाळीस वर्षं इथे येतात, मी बाबांबरोबर पाचला जाते, एका दिवसाचा प्रश्न आहे. आवाज अगदी हलका ठेवला होता तिनं, तिऱ्हाईतांशी बोलतात तसा. मी काही म्हणायच्या आत बाबा सौनाकडे जाता जाता थांबले. त्यांच्या काखेत टॉवेल होता आणि मागून एरोकाका येतच होते, बटाट्यांना यंदा कीड कशी लागली ते सांगत. बाबा म्हणाले, नाही. मुलगी आहेस, सातला जा. मला एरो सोसेल. एरोकाका म्हणाले, सोसेल म्हणजे काय? बाबांच्या तोंडून तिच्यासाठी मुलगी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. फोनवर ते तिला तू म्हणतात, सायमी म्हणतात. मुलगी म्हणाले नव्हते. ताई बटाट्याचं पातेलं घेऊन आत गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

बाबा साडेसहाला लाल होऊन बाहेर आले. कपडे घालायच्या आधी त्यांनी भट्टीत तीन ओंडके टाकले, तळ्यातून दोन बादल्या आणून ठेवल्या, बाकं पुसली आणि आम्हाला येऊन सांगितलं, की तयार आहे, पाचच्यापेक्षा जास्त तापलाय.

सातला आम्ही दोघी. बाहेरच्या खोलीत ताईनं मोज्यांची घडी घातली, मग ती मोडून पुन्हा घातली. मी म्हटलं, या वेगानं तोंतूचीच फेरी येईल. ती हसली, आणि मग आम्ही आत गेलो. मी तुझ्या जागी भट्टीजवळ बसले. पहिली पळी टाकली. वाफ वर गेली, खांद्यांवर उतरली. ताईनं डोळे मिटले आणि तिच्या छातीतून एवढा लांब श्वास निघाला, की तो केव्हापासून धरून ठेवला होता कोण जाणे. मला बोलायची हुक्की आली होती, ती मी दाबली.

वीस मिनिटं झाली असतील. बाहेरच्या खोलीत पाऊल वाजलं. खोकला. खुंटीवर काहीतरी अडकवल्याचा आवाज, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी उठणार होते, ताईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग दार उघडलं आणि रायलीकाकू हनुवटीपर्यंत टॉवेल गुंडाळून आत आल्या. आमच्याकडे न बघता म्हणाल्या, भट्टी कोणी लावली, चर्चमध्ये याहून ऊब असते. कोपऱ्यात जाऊन बसल्या. ताईनं पाय आवरून घेतले आणि रीतीप्रमाणे विचारलं, काकू, पाणी टाकू का? त्या म्हणाल्या, विचारतेस काय, टाक. चिमणीवाल्यांना धग सोसत नाही की काय?

ताईनं टाकलं. एक, दोन, तीन पळ्या. तुझ्या सौनात एवढी वाफ मी कधी सोसली नव्हती. त्या वाफेत जाड टॉवेल अंगावर ठेवणं कोणालाही शक्य नाही. काकूंनी तो हळूच सोडला, घडी केली आणि बाजूला ठेवला.

ताईनं पाहिलं. तिला काही माहीत नव्हतं, मी काही सांगितलं नव्हतं. तिनं पाहिलं, समोरच्या माणसाकडे आपण पाहतो तितकंच, आणि म्हणाली, काकू, ती फळी डावीकडे जास्त तापते, थोडं इकडे सरका. काकू सरकल्या. मग त्यांनीही ताईकडे पाहिलं. तू गाय विकत घेताना पाहतेस ना, तसं डोक्यापासून पायापर्यंत, काही न लपवता. मला वाटलं आता काय बोलतात. त्या म्हणाल्या, वाळलीस. तुर्कूत जेवायला मिळत नाही का?

ताई म्हणाली, मिळतं, पण धिरडी मिळत नाहीत. काकू म्हणाल्या, उद्या ये, पण पीठ तू कालवायचं. मग त्या तळ्याकडच्या लाटांविषयी काहीतरी बोलल्या, मग तुझ्या खुब्याविषयी, मग एरोकाकांना बटाट्यांवरून शिव्या दिल्या. बाईमाणसांत बसून नवऱ्याला शिव्या द्यायच्या असतात तशाच, ताईकडे मान वळवून, तिचं अनुमोदन मागत. ताईनं ते दिलं.

धुवायच्या वेळी मी नेहमीप्रमाणे पाठ घासायचा ब्रश घेऊन काकूंकडे वळले. त्यांचा डावा हात आता खांद्याच्या वर जात नाही, हे मला तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, तू नको, तू गुदगुल्या करतेस. हिल्का कशी साल निघेपर्यंत घासते. आणि ताईकडे पाठ करून, मागे न बघता म्हणाल्या, सायमी, तुझे हात लांब आहेत. घे तो ब्रश. जोर लाव, मी काही काचेची नाही.

त्यांनी तिचं नाव घेतलं ते मी ऐकलं, ताईनंही ऐकलं. तिनं ब्रश साबणात बुडवला आणि मानेपासून सुरुवात केली. मी रिकाम्या बादल्या उचलून पाणी आणायला बाहेर पडले, कारण आत माझं काही काम उरलं नव्हतं.

तुझ्या डॉक्टराचं ऐक. ताई मंगळवारी परत जाताना कुओपियोला उतरून तुला भेटणार आहे. बाकी सगळी बरी. आत्या, आमच्यावर लक्ष असू दे, आणि रागवायचं झालं तर आम्हा दोघींवर मिळून रागव.

तुझी,
वेन्ला